मामंजींचा पुष्कराज सुनेला निघाला

पत्र :

प्रिय ताई, माझे सासरे रेल्वेत होते. 1978 साली बढती मिळाली तेव्हा कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी पिवळ्या खड्याची सोन्याची अंगठी करून घेतली. घरात सगळे तिला ‘मामंजींचा पुष्कराज’च म्हणायचे. गेल्या वर्षी ते गेले. शेवटची तीन वर्षं अंथरुणावर होते, त्यांचं सगळं माझ्या हातून झालं, म्हणून दिवसकार्य उरकल्यावर सासूबाईंनी अंगठी माझ्या हातात ठेवली. धाकट्या दिरांचं म्हणणं असं की पुष्कराज लाखाच्या घरात जातो, किंमत करा आणि निम्मे पैसे आम्हाला द्या. (नणंद हुबळीला असते, ती यात काही बोलत नाही.) मी अंगठी घेऊन पेढीवर गेले, तर काउंटरवरचा माणूस बघितल्याबरोबर म्हणाला, “काकू, हा पुष्कराज नाही, सुनेला आहे. दोन-तीन हजारांचा खडा.” घरी येऊन हे सांगितलं, तर जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, “सात महिने अंगठी होती कुणाकडे?” तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. आमचे हे तोंड उघडत नाहीत. सासूबाईंची काळजी वेगळीच. खोटा खडा जन्मभर बोटात होता म्हणून तर त्यांचे एवढे हाल झाले नाहीत ना, असं त्या विचारतात. आणि माझी मुलगी म्हणते, आई, सुनेला म्हणजे सिट्रीन, त्यानं पैसा येतो, माझा जन्म नोव्हेंबरचा, मला त्याचं पेंडंट करून दे. साखरपुड्याला साडीही तिला त्याच रंगाची हवी आहे. दुकानदाराला रंग काय म्हणून सांगू? अंगठीचा जवळून काढलेला फोटो सोबत जोडते आहे.
– तुमची एक वाचक, मिरज

ताई,

आधी एक विचारते. त्या माणसानं अंगठी हातात घेतल्यापासून ‘सुनेला’ म्हणेपर्यंत किती वेळ गेला? तुम्ही लिहिलंय, ‘बघितल्याबरोबर’. मी बावीस वर्षं सराफाच्या काउंटरच्या आतल्या बाजूला उभी होते, त्यामुळे हे ‘बघितल्याबरोबर’ मला चांगलं ठाऊक आहे. रोज शंभर खडे बघून डोळा बसतो आणि बहुतेक वेळा तो बरोबरही निघतो. पण घरात वाद पेटलेला असताना कुणाच्या बसलेल्या डोळ्यावर भागत नाही, कागद लागतो. तेव्हा पहिलं काम हे करा : अंगठी रत्नपरीक्षेला द्या. मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची प्रयोगशाळा आहे, जयपूरला 1972 पासून जवाहिऱ्यांच्या निर्यात परिषदेची आहे, मोठ्या शहरांत खासगीही आहेत. खडा अंगठीतून काढावा लागत नाही. खड्याच्या सपाट माथ्यावरून प्रकाश किती वळतो ते एका छोट्या यंत्रावर बघतात. आकडा 1.54 ते 1.55 आला तर सुनेला, 1.61 च्या वर 1.64 पर्यंत आला तर टोपाझ नावाचा तिसराच खडा आणि 1.76 च्या पुढे गेला तर पुष्कराज. या आकड्यांमध्ये एवढं अंतर आहे की गोंधळ व्हायला जागाच राहत नाही. आणि हे काम एकट्या जाऊन करू नका. भाऊजींना बरोबर घ्या, पावती त्यांच्या नावावर करा.

आता जाऊबाईंच्या प्रश्नाकडे येते, कारण तुमचं जेवण त्याच्यापायी तुटलंय.

फोटोवरून मी खडा ओळखत नाही, कुणीच ओळखू नये. पण फोटोत झीज मात्र दिसते. तुमचा फोटो मी मोठा करून पाहिला. खड्याच्या माथ्यावर बारीक पांढुरकं धुकं आल्यासारखं दिसतंय आणि माथ्याच्या कडेनं जे तिरपे पैलू उतरतात, त्यांच्या धारा गोलावल्यात. साबणाची वडी वापरून वापरून जशी कोपऱ्यांना मऊ होते, तशा. एका ठिकाणी, बहुधा अंगठ्याच्या बाजूला, चिमुकला टवकाही उडालाय. हे सात महिन्यांचं काम नाही ताई, ही झीज वर्षानुवर्षांची आहे.

असं का होतं ते सांगते, म्हणजे तुम्हाला घरी सांगता येईल. सुनेला ही गारगोटीची जात. नदीकाठी मुलं दोन गारा एकमेकींवर घासून ठिणगी काढतात ना, त्याच वस्तूचं पारदर्शक, पिवळं, पैलू पाडलेलं रूप. खनिजांचा कठीणपणा मोजायची 1 ते 10 अशी एक पट्टी आहे. तिच्यावर गारगोटी 7 वर, टोपाझ 8 वर, पुष्कराज 9 वर आणि हिरा 10 वर. आपल्या घरादारातल्या, रस्त्यावरच्या धुळीत गारेचेच बारीक कण असतात. म्हणजे सुनेल्यावर धूळ पुसली की 7 वर 7 घासलं जातं. रोजचं पुसणं, खिशात हात घालणं, रेल्वेतल्या माणसाचं दारं-दांडे धरणं, असं चाळीस-पंचेचाळीस वर्षं चाललं की सुनेला धूसर होतोच. पुष्कराजाला ही धूळ काही करू शकत नाही, त्याच्या धारा तेवढ्या वर्षांनीही बोटाला टोचतात. आणि तुम्ही खडा बदलला असतात, तर नव्या खड्याच्या धारा कोऱ्या करकरीत दिसल्या असत्या. तेव्हा कुठल्याही ओळखीच्या सोनाराकडे दहापट मोठं दाखवणारं भिंग असतं, त्यातून जाऊबाईंना स्वतःच्या डोळ्यांनी खड्याच्या धारा बघू द्या. मग कोंदण बघायला सांगा. खडा उचकटून दुसरा बसवला की सोन्याच्या कडेवर हत्याराचे ओरखडे उमटतात, नाहीतर त्या तेवढ्याच भागाला नवी जिलाई चढलेली दिसते. इथे कडा आणि अंगठीची बाकीची पट्टी सारखीच झिजलेली असेल, तर खडा मूळचाच.

आणखी एक पुरावा घरातच सापडण्याची शक्यता आहे : पावती. त्या पिढीतले लोक पावत्या टाकत नसत. एलआयसीच्या कागदांत बघा, रेशनकार्डाच्या पिशवीत बघा, देवघराच्या खणात बघा. पावतीवर अंगठीचं एकूण वजन आणि खड्याचं वजन वेगळं लिहिलेलं असेल. समजा खडा सुटा केल्यावर काट्यावर 1.40 ग्रॅम भरला, म्हणजे 7 कॅरट. एवढ्याच आकाराचा पुष्कराज त्या कोंदणात असता, तर तो 2.1 ग्रॅमच्या आसपास भरला असता, कारण पुष्कराज गारगोटीच्या दीडपट जड. जुन्या पावतीतलं खड्याचं वजन आजच्याशी जुळलं, तर बदलण्याचा प्रश्नच मिटला. (सोन्याचं वजन थोडं कमी भरेल, तिकडे लक्ष देऊ नका; अंगठीची पट्टी झिजतेच.) पावतीवर रत्ती लिहिलेली असेल तर मात्र सावध. सोनाराची रत्ती सव्वाशे मिलिग्रॅमच्या जरा आत आणि खडेवाल्यांची रत्ती एकशे ऐंशीच्या आसपास. कुठली धरली होती हे न विचारता हिशोब केलात, तर नवीन भांडण लागेल.

असा खडा सुटा झालाच, तर एक गंमत बघून ठेवा. खडा दोऱ्यानं सोनाराच्या काट्याला टांगून खाली ठेवलेल्या पेल्यातल्या पाण्यात तोलतात. हवेत 1.40 भरणारा सुनेला पाण्यात 0.87 भरतो, टोपाझ 1.00 आणि पुष्कराज 1.05. आमच्या पेढीवरचे एक म्हातारे कारागीर यंत्रापेक्षा या दोऱ्यावरच जास्त विश्वास ठेवायचे.

मग मामंजींना फसवलं कुणी? माझा अंदाज असा, की कुणीच नाही. ‘पुष्कराज’ हा शब्दच आपल्याकडे तीन घरं फिरून आलाय. आज पेढीवर पुष्कराज म्हणजे पिवळा नीलम, कुरुंदाच्या जातीचा, माणकाचा सख्खा भाऊ. पण शब्दकोश उघडा, तर पुष्कराज म्हणजे टोपाझ असं लिहिलेलं सापडेल, आणि टोपाझ ही वेगळीच वस्तू. त्यात व्यापारात कित्येक पिढ्या पिवळ्या गारगोटीला बिनधास्त ‘टोपाझ’ म्हणत आले. गोल्डन टोपाझ, मदीरा टोपाझ, स्मोकी टोपाझ ही सगळी गारगोटीचीच फॅन्सी नावं. मी काउंटरवर आले तेव्हाही जुन्या पावत्यांवर ‘टोपाझ’ लिहिलेलं असे आणि गिऱ्हाईक त्याला पुष्कराज म्हणत घरी नेई. मामंजींच्या पावतीवर ‘टोपाझ’ किंवा सरळ ‘सुनेला’ लिहिलेलं निघालं तर मला नवल वाटणार नाही. रेल्वेतल्या नोकरदारानं 1978 साली एवढा मोठा खरा पुष्कराज घ्यायचा म्हणजे केवढी रक्कम, याचा विचार घरात एकदा तरी कुणी केला होता का? भाऊजींनीसुद्धा?

त्यांच्या ‘निम्म्या’बद्दलही दोन शब्द बोलते, न विचारता. मृत्युपत्र नसेल, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे माणसाच्या मागे त्याची पत्नी, मुलगे आणि मुली या सगळ्यांचा वाटा सारखा. तुमच्या घरी सासूबाई, दोन मुलगे आणि हुबळीच्या नणंदबाई असे चार वाटे होतात. तुम्ही नणंदबाईंना कंसात टाकलंत, भाऊजींनी तर धरलंच नाही. आणि कायद्याच्या काटेकोरपणानं बघायचं तर सासूबाईंना स्वतःचाच वाटा देता येतो, सगळी अंगठी नाही. हे मी तुमच्या बाजूनं सांगत नाहीये, कुणाच्याच बाजूनं नाही. पण एवढं लक्षात घ्या, की आजच्या भावात खड्यापेक्षा भोवतालच्या सोन्याची किंमत कितीतरी जास्त आहे. भांडण चाललंय खड्यावरून आणि ऐवज आहे सोन्याचा. परीक्षेचा कागद आला की चौघांना एकत्र बसवा, हुबळीला फोन लावा, सोन्याचं निव्वळ वजन काढून त्याची किंमत मांडा आणि ज्याला जे हवं ते घेऊ द्या. त्या बैठकीत तुम्ही बोलू नका. वडील त्यांचे, भाऊ त्यांचा. तोंड तुमच्या यजमानांनी उघडायचं आहे. हे पत्र छापून आलं की चहाच्या कपाखाली ठेवा त्यांच्या.

आता सासूबाईंची काळजी. त्यांना सांगा, खडा खोटा नव्हता. खोटा म्हणजे काच. काच हातात घेतली की लवकर कोमट होते, आत भिंगातून गोल बुडबुडे दिसतात. सुनेला गालाला लावला तर गार लागतो आणि बराच वेळ गारच राहतो. तो जमिनीतून निघालेला खरा खडा आहे, फक्त त्याचं घराण्याचं नाव वेगळं. ज्या शास्त्राच्या भरवशावर मामंजींनी तो तर्जनीत घातला, त्या शास्त्रातही सुनेला हे गुरूचं उपरत्न म्हणूनच सांगतात. पुष्कराज झेपत नसेल त्यानं सुनेला घालावा, सोन्यात, गुरुवारी. म्हणजे त्यांच्या श्रद्धेच्या हिशोबातही काही चुकलं नाही. माझा स्वतःचा खड्यांच्या गुणांवर विश्वास नाही, हे लपवत नाही. बावीस वर्षांत मी पुष्कराज घातलेली दिवाळखोर माणसं पाहिली आणि बोटं मोकळी असलेली गबर माणसंही. पण ऐंशीच्या घरातल्या बाईला हे ऐकवायची ही वेळ नव्हे. तिला ‘उपरत्न’ एवढा शब्द पुरेल.

लेकीचं प्रकरण मात्र वेगळं, तिच्याशी जरा वाद घालायला हरकत नाही. तिला म्हणावं, नोव्हेंबरचा खडा कुठल्या ऋषीनं ठरवलेला नाही. महिन्यांच्या खड्यांची आज चालते ती यादी अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या संघटनेनं 1912 साली नक्की केली. तेव्हा नोव्हेंबरला टोपाझ होता. 1952 साली तिकडच्याच व्यापारी मंडळींनी यादीत भर घातली, त्यात सिट्रीन नोव्हेंबरला टोपाझच्या शेजारी येऊन बसला. स्वस्त, सुंदर आणि भरपूर मिळणारा खडा, विकायला सोपा. पैशाचंही तसंच. इंग्रजीत त्याला ‘व्यापाऱ्याचा खडा’ म्हणतात, गल्ल्यात ठेवला की बरकत येते म्हणतात. बरकत येते ती विकणाऱ्याच्या गल्ल्यात, एवढं मी शपथेवर सांगेन.

आणि तिला दुसरी गोष्ट सांगा, ती ऐकून कदाचित तिला खडा जास्तच आवडेल. बाजारातला बहुतेक सुनेला जमिनीतून पिवळा निघतच नाही. तो निघतो जांभळा. अ‍ॅमेथिस्ट म्हणून जो खडा मिळतो, तीही गारगोटीच, तिच्यात चिमूटभर लोह. ती भट्टीत 450 अंशांच्या आसपास तापवली की आतल्या लोहाची अवस्था बदलते, जांभळा रंग जातो आणि पिवळा, नारिंगी, कधी तांबूस विटकरी रंग चढतो. मुळातच पिवळा असलेला सुनेला क्वचित मिळतो आणि तो फिकट असतो, पातळ लिंबू सरबतासारखा. मामंजींचा खडा फोटोत मधासारखा, कडेला किंचित तांबूस दिसतोय, तेव्हा तो भट्टीतून आलेला असण्याचीच शक्यता जास्त. कागदावर ‘तापवलेला’ असं लिहून येईलच असं नाही, कारण गारगोटीच्या बाबतीत हे खात्रीनं सांगणं प्रयोगशाळेलाही बरेचदा जमत नाही. बोलिव्हियात अनाही नावाची एक खाण आहे, तिथे तर एकाच खड्यात अर्धा भाग जांभळा आणि अर्धा पिवळा असा माल निघतो, दोन्ही रंग जमिनीनंच दिलेले. अमेट्रीन म्हणतात त्याला. तो पहिल्यांदा हातात आला तेव्हा मी गिऱ्हाइकाला पाच मिनिटं ताटकळत ठेवलं होतं.

तापवणं म्हणजे फसवणूक का? व्यापार तसं मानत नाही आणि मीही मानत नाही, कारण रंग टिकतो आणि बाहेरून काही घातलेलं नसतं. आपल्याकडे गुजरातेत खंभातचे कारागीर अकीकाचे खडे तापवून लाल करत आले आहेत, हडप्पाच्या काळापासून ही विद्या त्या भागात आहे. ब्राझीलच्या दक्षिणेला रिओ ग्रांदे दो सूल प्रांतात जांभळ्या गारगोटीच्या पोकळ्या सापडतात, जगातल्या सुनेल्याचा मोठा भाग तिथल्या मालातून होतो. आणि त्या पोकळ्या कशात सापडतात? लाव्हाच्या काळ्या पाषाणात. आपला सह्याद्री ज्याचा आहे, त्याच जातीचा खडक. लाव्हा थिजताना आत अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांत पाणी झिरपत राहिलं, त्यातून गारगोटी वाढली. आपल्याकडेही जळगाव, नाशिक, छत्रपती संभाजीनगरकडच्या खाणींत आणि विहिरींच्या खोदकामात अशा पोकळ्या निघतात, आत चमचमणारी स्फटिकं. सिन्नरला गारगोटी नावाचं खनिजांचं संग्रहालयच आहे. लेकीला एकदा तिथे न्या, पेंडंटच्या आधी. खड्याचं खरं घर बघितलं की इन्स्टाग्रामवरचे गुण जरा फिके वाटतात.

पेंडंट करायला माझी हरकत नाही, उलट ते बरंच. रोज हातात घासली जाणारी अंगठी या खड्याला मानवत नाही, गळ्यात तो सुखात राहील. फक्त चौघांचा निर्णय होऊन अंगठी तुमच्याकडे आल्यावर. त्याच्या आधी सोनाराकडे टाकलीत, तर जाऊबाईंच्या प्रश्नाला तुम्हीच उत्तर दिल्यासारखं होईल. खडा काढायचा तर सोनार तो आधी उतरवून मगच सोन्याला आच देतो ना, हे समोर उभं राहून बघा. भट्टीनं दिलेला रंग आचेनं जाऊही शकतो आणि एकदम तापून गार झाल्यानं तडाही जाऊ शकतो. माथ्यावरचं धुकं घालवायला जयपूरचे किंवा मुंबईचे पैलू पाडणारे कारागीर पुन्हा जिलाई देतात, वजन थोडं घटतं. मी तुमच्या जागी असते तर दिली नसती. ते धुकं मामंजींच्या बोटाचं आहे. नव्या पेंडंटच्या सोन्यावर हॉलमार्क आणि सहा अक्षरी-अंकी क्रमांक मागा, पण लक्षात ठेवा, तो शिक्का सोन्याच्या शुद्धतेचा असतो, खड्याबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. बिलात सोन्याचं निव्वळ वजन वेगळं लिहून घ्या, खडा सोन्याच्या भावात तोलला जाऊ देऊ नका. घरी धुताना कोमट पाणी, साध्या साबणाचा फेस आणि मऊ ब्रश. वाफेच्या यंत्रात देऊ नका आणि उन्हाच्या खिडकीत महिनोन् महिने ठेवू नका, काही खड्यांचा रंग उतरतो.

राहिली साडी. हा प्रश्न तुम्ही शेवटी टाकलात, पण मला सगळ्यात जास्त हाच आवडला.

सिट्रीन हा शब्द आला लॅटिनमधल्या ज्या झाडाच्या नावावरून, ते झाड म्हणजे आपलं महाळुंग. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या उजव्या हातात जे फळ आहे, तेच. तेव्हा मराठीत रंगाचं नाव सांगायचं तर ‘महाळुंगी’ म्हणा. दुकानदाराला कळणार नाही, पण नाव बरोबर आहे. अडचण अशी, की एकाच नावाखाली पाच-सहा रंग मावतात. पिकल्या लिंबाच्या सालीपासून सोनचाफा, मध, आंबेवडी, आणि पार मदीरा बेटावरच्या दारूच्या नावानं ओळखला जाणारा तांबूस तपकिरी, इथपर्यंत सगळं सिट्रीनच. एकोणिसाव्या शतकातले विलायती चित्रकार तर नारिंगी आणि हिरवा मिसळून जो मळकट, शेवाळी पिवळा होतो, त्याला सिट्रीन म्हणत. तो साखरपुड्याला नेसवाल तर फोटोत लेक आजारी दिसेल. हिवाळ्यात कृष्णेच्या काठी चिखलात शेपटी हलवत तुरुतुरु धावणारा पिवळ्या डोक्याचा धोबी असतो, त्याच्या इंग्रजी नावातही सिट्रीन आहे, आणि त्याच्या डोक्याचा रंग लख्ख लिंबोणी. एक शब्द आणि एवढे रंग. म्हणून दुकानात ‘सिट्रीन’ म्हणू नका, ते मोबाईलवर भलतंच काहीतरी काढून दाखवतील.

दुसरी अडचण खड्याची स्वतःची. त्याचा रंग एका जागी नसतोच. अंगठी हळूच फिरवून बघा : मधोमध फिकट, कडेला गडद आणि पैलूंवर मध्येच एखादी केशरी ठिणगी. सपाट रंगवलेलं कापड कितीही जुळतं घेतलं, तरी शेजारी ठेवल्यावर हळद फासल्यासारखं दिसतं. त्याला उपाय धूपछाव. ताणा लिंबोणी पिवळा आणि बाणा केशरी किंवा मधाच्या रंगाचा, अशी रेशमी साडी विचारा. पैठणीत मिळते, महेश्वरीतही मिळते. पदर हलला की रंग हलतो, तसा खड्यात हलतो. काठ लाल-हिरवे नकोत, वांगी किंवा जांभळा घ्या. शेवटी तो खडाही मूळचा जांभळाच.

निवडायला जाताना अंगठी बरोबर असू द्या, पण सासूबाईंच्या बोटात. त्यांनाही घेऊन जा, त्या कितीतरी महिन्यांत घराबाहेर पडल्या नसतील. आणि दुकानातल्या पिवळ्या दिव्यांखाली काही ठरवू नका, तिथे प्रत्येक साडी सुनेल्यासारखी दिसते. आवडलेल्या दोन साड्या घेऊन दारात या, सकाळी दहा-अकराच्या उजेडात, आणि त्यांना हात पदरावर ठेवायला सांगा.